मोटारीचे टायर : एकेरी बदल की जोडीने बदल?

प्रस्तावना

मोटारीच्या चार टायरपैकी एखादाच टायर अकाली निकामी होणे ही भारतीय रस्त्यांवर नित्याची बाब आहे. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची धार लागून टायरच्या बाजूला फुगा येतो, दुभाजकाच्या कठड्याला घासून कट पडतो, किंवा हवा गेलेल्या टायरवर गाडी थोडी अधिक चालविली गेल्याने आतील थर चिरडले जातात. उरलेले तीन टायर मात्र धडधाकट असतात व त्यांची निम्म्याहून अधिक नक्षी शिल्लक असते. अशा प्रसंगी वाहनधारकास दोन परस्परविरोधी सल्ले मिळतात. 'एकच बदला, बाकीचे अजून पुष्कळ चालतील' हा पहिला. 'एक बदलून चालत नाही, चारही घ्या' हा दुसरा. पहिल्या सल्ल्यात काटकसर दिसते, दुसऱ्यात विक्रेत्याचा लाभ दिसतो; पण दोहोंमागील कारण सहसा कोणी सांगत नाही. कारण न कळल्यामुळे निर्णय केवळ खिशाकडे पाहून होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा यांत्रिक व व्यावहारिक अंगांनी विचार केला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा घुसून झालेले साधे पंक्चर हे टायर बदलण्याचे कारण नव्हे. टायर रिममधून काढून, आतून तपासून, भोक भरून व आतल्या बाजूने ठिगळ लावून ते नीट दुरुस्त करता येते. बाहेरून ठासलेली रबरी दोरी हा मुक्कामापर्यंत पोहोचण्याचा उपाय आहे, कायमचा नव्हे. याउलट बाजूच्या भिंतीला पडलेला कट किंवा आलेला फुगा दुरुस्त होत नाही. फुगा याचा अर्थ आतील धाग्यांचा थर तुटलेला असून हवेचा दाब केवळ रबराने पेलला जात आहे. असा टायर 'बघू, चालतोय तोवर' म्हणून वापरणे हा एकेरी की जोडी या वादापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

आसावरील जोडी

बैलगाडीच्या चाकावर बसविलेली लोखंडी धाव ही ग्रामीण महाराष्ट्राला टायरच्या फार आधीपासून परिचित आहे. धाव तापवून चाकावर चढवायची, पाणी ओतून आवळायची, आणि झिजली की त्या एकाच चाकाची बदलायची, असा रिवाज होता. तो बिनतक्रार चालत असे, कारण बैलगाडीची दोन्ही चाके आसाभोवती स्वतंत्रपणे फिरतात, त्यांना कोणतेही यंत्र ओढत नाही, आणि वेग बैलाच्या चालीचा असतो. जोडी जुळवायची ती बैलांची. कमीजास्त ताकदीचे बैल एका जुवाला जुंपले तर गाडी एका अंगाला ओढली जाते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मोटारीत इंजिनाची ओढ आणि ब्रेकची पकड ही दोन्ही कामे चाकांवरच आली. त्यामुळे बैलांना लागू असलेला जोडीचा नियम येथे चाकांना लागू झाला.

टायरच्या संदर्भात 'जोडी' म्हणजे कोणतेही दोन टायर नव्हेत, तर एकाच आसावर डाव्या व उजव्या बाजूस असलेले दोन टायर होत. या दोहोंचा आकार, रचना, भारक्षमता व वेगमर्यादा समान असणे ही किमान अट आहे. ही माहिती टायरच्या बाजूवर कोरलेली असते. लहान मोटारींना बसविल्या जाणाऱ्या '१६५/८० आर १४ ८५ टी' या खुणेत १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० हे बाजूच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, आर म्हणजे रेडियल रचना, १४ हा रिमचा इंचांतील व्यास, ८५ हा ५१५ किलोग्रॅम भाराचा निर्देशांक आणि टी ही ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा दर्शविणारी खूण होय. मात्र ही सर्व अक्षरे जुळली तरी जोडी जुळली असे होत नाही. दोन उत्पादकांच्या टायरमधील रबराचे मिश्रण, पट्ट्यांची मांडणी व नक्षी वेगवेगळी असते. वळणावर आणि ओल्या रस्त्यावर त्यांचे वर्तन सारखे राहत नाही. म्हणून एका आसावर एकाच उत्पादकाचा, एकाच नक्षीचा व जवळपास सारखा झिजलेला टायर असावा, हा संकेत रूढ झाला आहे.

आडव्या धाग्यांच्या जुन्या रचनेचे टायर व रेडियल टायर यांची सरमिसळ हा एके काळी गंभीर प्रश्न होता. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. भारतीय मोटारींत ही रचना पुढे सार्वत्रिक झाली, आणि आता मोटारीपुरता तो प्रश्न जवळजवळ मिटला आहे.

व्यासातील फरक

नवा टायर झिजलेल्या टायरशेजारी बसविला तर दोन्ही चाकांचा व्यास वेगळा होतो, हे एकेरी बदलाविरुद्ध नेहमी दिले जाणारे कारण आहे. त्याचे वजन नेमके किती, हे आकड्यांतच पाहिले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या आकाराच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. शेजारचा टायर झिजून ३ मिलिमीटरवर आला असेल तर त्याचा व्यास १० मिलिमीटरने, म्हणजे सुमारे दीड टक्क्याने कमी होतो. एक किलोमीटर अंतरात नवा टायर सुमारे ५१४ फेरे घेईल तर जुना ५२२. रेडियल टायरमधील पोलादी पट्टा फारसा ताणला किंवा आक्रसला जात नसल्याने प्रत्यक्षातील फरक याहून थोडा कमी असतो.

किलोमीटरमागे आठ फेऱ्यांचा हा फरक डिफरन्शियल सहज सामावून घेते. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक फेरे घेऊ देणे हेच त्याचे काम आहे. फरक इतकाच की, सरळ रस्त्यावर जेथे त्याच्या आतील दात्यांनी विश्रांती घ्यावी तेथेही ते संथपणे फिरत राहतात. सर्वसाधारण मोटारीत यामुळे लगेच काही मोडत नाही. 'डिफरन्शियल जाईल' अशी भीती घालून चार टायर गळ्यात मारणे यास शास्त्रीय आधार फारसा नाही, असेच म्हणावे लागेल. स्टिअरिंगला बारीकशी ओढ जाणवणे व अलाइनमेंट करूनही ती न जाणे, एवढा त्रास मात्र पुढील आसावर संभवतो.

चारही चाकांना इंजिनाची ओढ देणाऱ्या वाहनांची गोष्ट निराळी आहे. तेथे पुढील व मागील आस एकमेकांशी जोडलेले असतात. व्यासातील फरकामुळे मधल्या जोडणीवर अखंड ताण येऊन ती तापते. अशा वाहनांसाठी झिजेतील किती फरक चालेल याच्या मर्यादा उत्पादकागणिक वेगवेगळ्या असल्या तरी त्या बहुधा दोन-तीन मिलिमीटरच्या आतच असतात. तेथे चारही टायर एकदम बदलण्याचा सल्ला अनेकदा खरा असतो.

पाणी आणि नक्षीची खोली

एकेरी बदलाचा खरा धोका व्यासात नसून पाण्यात आहे. कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर झिजलेला टायर नव्याइतकाच, क्वचित अधिकही, पकड देतो. कारण नक्षीचे उंच ठोकळे त्याला नसल्याने तो कमी डगमगतो. नेमक्या याच अनुभवामुळे उन्हाळ्यात वाहनधारक निर्धास्त राहतो. रस्ता ओला झाला की चित्र पालटते.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. टायरची रस्त्याला टेकणारी रुंदी १२ सेंटिमीटर धरली आणि रस्त्यावर २ मिलिमीटर पाणी असले तर प्रत्येक टायरला दर सेकंदाला पाच लिटरहून अधिक पाणी वाटेतून बाजूला सारावे लागते. काही पाणी बाजूने फेकले जाते, उरलेले नक्षीच्या खाचांत शिरते. टायरच्या टेकणाऱ्या भागापैकी सुमारे तीन दशांश क्षेत्र खाचांचे असते असे मानल्यास, ८ मिलिमीटर खोलीची नवी नक्षी २.४ मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थराला जागा देऊ शकते. खोली ४ मिलिमीटर उरल्यावर ही जागा १.२ मिलिमीटरवर येते आणि १.६ मिलिमीटर उरल्यावर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होते. हा हिशेब ढोबळ आहे. तथापि निम्मा झिजलेला टायर पाण्यात निम्मा असमर्थ होतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

सारले न गेलेले पाणी टायरच्या पुढ्यात पाचरीप्रमाणे साचते व अखेर टायरला रस्त्यावरून उचलते. मग चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते. स्टिअरिंग हलके होते आणि ब्रेक निरुपयोगी ठरतो. विमानांच्या धावपट्टीवर घडणाऱ्या या प्रकाराचा अभ्यास अमेरिकेतील नासा या संस्थेत झाला व १९६३ मध्ये वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याचे एक सोपे सूत्र मांडले. टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळास १०.३५ ने गुणले असता तरंगण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. दाब पौंड प्रति चौरस इंचात घ्यावयाचा. ३२ पौंड दाबाच्या टायरसाठी हा वेग ताशी सुमारे ५८ मैल, म्हणजे ९४ किलोमीटर येतो. हे सूत्र विमानाच्या टायरवरून काढलेले असून पाण्याचा थर नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असतानाच ते लागू पडते. म्हणजेच टायर गुळगुळीत झाला की अगदी पातळ थरही त्याला तरंगविण्यास पुरतो. मोटारीचा रुंद टायर याहून कमी वेगालाही तरंगू शकतो. २००२ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या समृद्धी महामार्गावर ताशी ९४ किलोमीटर हा काही विलक्षण वेग नव्हे, आणि जुलै महिन्यातील पाऊसही तेथे विलक्षण नसतो.

आता एकाच आसावर एका बाजूस ८ मिलिमीटरचा नवा व दुसऱ्या बाजूस ३ मिलिमीटरचा जुना टायर आहे असे समजावे. साचलेल्या पाण्यात जुना टायर आधी तरंगतो, नवा रस्ता धरून राहतो. चालकाने ब्रेक दाबला तर एका बाजूचे चाक थांबते आणि दुसऱ्या बाजूचे घसरते. गाडी पकड असलेल्या बाजूकडे गरकन वळू पाहते. दोन्ही टायर सारखेच झिजलेले असते तर ती घसरली असती, पण बहुधा सरळ घसरली असती. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस ब्रेक प्रणाली अनिवार्य झाली आहे. ती चाक जखडू देत नाही हे खरे. परंतु रस्त्याला न टेकलेल्या टायरला ती पकड मिळवून देऊ शकत नाही. विसंगत जोडी ही केवळ वाईट टायरपेक्षा अधिक फसवी असते ती या अर्थाने. तिचा दोष कोरड्या रस्त्यावर दिसत नाही आणि ओल्या रस्त्यावर तो पूर्वसूचना न देता प्रकट होतो.

नवी जोडी पुढे की मागे?

जोडी घेण्याचा निर्णय झाल्यावर ती कोणत्या आसावर बसवावी, याविषयी गॅरेजमधील प्रचलित मत आणि टायर उत्पादकांचे मत एकमेकांच्या विरुद्ध आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढील चाकांनी ओढली जाणारी मोटार भारतात घरोघरी पोहोचली. तत्पूर्वीच्या अँबॅसॅडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत ओढ मागील चाकांना असे. नव्या रचनेत ओढणे, वळणे आणि ब्रेकचा मोठा भार पेलणे ही तिन्ही कामे पुढील टायरवर आली. साहजिकच ते लवकर झिजू लागले. झिजलेल्या जागी नवे बसवावे, शिवाय 'स्टिअरिंग पुढे आहे, तेव्हा चांगले टायर पुढे', हे गॅरेजचे तर्कशास्त्र वरवर पाहता बिनतोड वाटते.

उत्पादकांचा आग्रह मात्र नवी जोडी मागे बसविण्याचा असतो. ओल्या वळणावर पुढील चाकांची पकड सुटली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ लागते. चालकाला ते स्टिअरिंगमधून तत्काळ जाणवते, तो स्वाभाविकपणे वेग कमी करतो आणि पकड परत येण्याची शक्यता राहते. मागील चाकांची पकड सुटली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊन ती भिंगरीसारखी फिरते. मागील चाकांना स्टिअरिंग नाही, तेथे काय चालले आहे हे हाताला कळत नाही, आणि घाबरून वेग कमी केला तर वजन पुढे जाऊन मागील चाके आणखी हलकी होतात. एकटा चालक असलेल्या छोट्या मोटारीत मागील आसावर मुळातच भार कमी असतो. खंडाळ्याच्या किंवा आंबेनळीच्या ओल्या वळणावर पहिली चूक सावरता येते, दुसरी सराईतासही कठीण जाते. म्हणून येथे उत्पादकांचे मत ग्राह्य धरावे लागते. दुकानदाराने टायर बदलताना हा क्रम आपणहून पाळावा अशी अपेक्षा मात्र ठेवता येत नाही; मागची जोडी काढून पुढे लावणे म्हणजे त्याला दोनऐवजी चार चाके खोलावी लागतात.

कायद्याची मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. मोटारीच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर असावी अशी ही मर्यादा असून, खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे नक्षीच्या पातळीत आले की ती गाठली असे समजावे. समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने तेथे वाहनांच्या टायरची तपासणीही हाती घेतली होती. परंतु किमान खोलीच्या कसोटीने प्रत्येक टायर स्वतंत्रपणे मोजला जातो. ८ मिलिमीटर व २ मिलिमीटर ही जोडी या कसोटीवर उत्तीर्ण होते. त्यामुळे जोडीची संगती पाहण्याची जबाबदारी अखेर वाहनधारकावरच येऊन पडते.

स्टेपनीचा हिशेब

जोडी हवी हे मान्य केले तरी एक टायर फाटल्यावर दोन विकत घेणे आणि निम्मा शिल्लक असलेला चांगला टायर टाकून देणे मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाते. या अडचणीवरील उत्तर बहुतेक गाड्यांच्या डिकीत पडून असते, आणि या प्रश्नाच्या चर्चेत नेमके तेच विसरले जाते.

'स्टेपनी' हा मराठीत पूर्णपणे रुळलेला शब्द वेल्समधील लानेल्ली या गावातील स्टेपनी स्ट्रीट या रस्त्याच्या नावावरून आला. तेथे १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक तयार केले व ते 'स्टेपनी' या नावाने विकले. खुद्द इंग्लंडमध्ये हा शब्द मागे पडला. भारतात तो टिकला. नाव टिकले तसा समजही टिकला, की स्टेपनी ही केवळ पंक्चरच्या वेळेपुरती असते. परिणामी चार टायर झिजून जातात आणि पाचवा कोराच राहतो.

मोटारीचे पुढील दोन टायर ४ मिलिमीटरवर, मागील दोन ६ मिलिमीटरवर आणि स्टेपनी कोरी, ८ मिलिमीटरची आहे असे समजावे. पुढील उजवा टायर खड्ड्यात फाटला. सर्वसाधारण रिवाजानुसार तेथे स्टेपनी चढते आणि नवा टायर स्टेपनीत जातो. पुढील आसावर ८ व ४ अशी विसंगत जोडी राहते. हीच मांडणी वेगळ्या रीतीने करता येते. त्याच नक्षीचा एक टायर विकत घ्यावा. तो आणि कोरी स्टेपनी ही ८ मिलिमीटरची जोडी मागील आसावर बसवावी. मागील ६ मिलिमीटरची जोडी पुढे आणावी. आणि उरलेला ४ मिलिमीटरचा टायर स्टेपनी म्हणून ठेवावा. खर्च एकाच टायरचा होतो, दोन्ही आसांवर जुळलेल्या जोड्या येतात आणि चांगली जोडी मागे जाते. मागील टायर फाटला असता तर काम याहूनही सोपे झाले असते. पुढील जोडीस हात न लावता नवा टायर व स्टेपनी मागे बसविली की पुरे, उरलेला ६ मिलिमीटरचा टायर डिकीत जातो. एकेरी खरेदी आणि जोडीने बदल या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे या मांडणीवरून दिसते.

जे वाहनधारक आरंभापासूनच स्टेपनीसह पाचही टायर ठरावीक अंतराने फिरवीत राहतात त्यांचे काम आणखी सुकर होते. पाचही टायर सारखेच झिजत असल्याने एखादा फाटला तरी त्याच झिजेची स्टेपनी तेथे बसते आणि नव्याने घेतलेला टायर डिकीत थांबतो. ज्यांची नक्षी एकाच दिशेने फिरण्यासाठी बनविलेली असते अशा टायरमध्ये मात्र ही मोकळीक नसते. स्टेपनी ज्या बाजूसाठी रिमवर चढविली असेल त्याच बाजूस ती उपयोगी पडते.

या उपायाला दोन मर्यादा आहेत. पहिली नव्या मोटारींची. अनेक मॉडेलांत आता मूळ चाकापेक्षा लहान किंवा अरुंद स्टेपनी दिली जाते. ती कमी वेगाने, थोड्या अंतरासाठीच वापरावयाची असल्याने जोडीत बसविता येत नाही. शिवाय २०२० मधील दुरुस्तीनुसार, टायरमधील दाब दाखविणारी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. जागा व वजन वाचते हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. पण अशा गाडीच्या मालकाला फाटलेल्या एका टायरपोटी दोन विकत घेण्यावाचून पर्याय उरत नाही. गाडी निवडताना हा खर्च कोणी मोजत नाही.

दुसरी मर्यादा वयाची. न वापरलेले रबरही हवेने व उष्णतेने कठीण होत जाते, त्याला बारीक भेगा पडतात. गाडीच्या पोटाखाली टांगलेल्या स्टेपनीला तर रस्त्याची धूळ, चिखल आणि सायलेन्सरची धगही सोसावी लागते. नक्षी पूर्ण आहे एवढ्यावरून सात-आठ वर्षांची स्टेपनी नवी मानता येत नाही. २००० पासून टायरच्या बाजूवर कोरल्या जाणाऱ्या खुणेतील शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष दाखवितात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, दिसायला कितीही चांगला असला तरी, वापरू नये, असे अनेक उत्पादक सांगतात. दुकानात जोडी लावण्यापूर्वी स्टेपनीवरील हे चार अंक आणि विकत घ्यावयाच्या टायरवरील चार अंक शेजारी शेजारी वाचून पाहावेत. ही खूण काही वेळा टायरच्या आतल्या बाजूस असते, तेव्हा चाक उलटवून पाहण्याचा आग्रह धरावा लागतो.